पाव किलोचं दळण

माझा भाचा बंगळुरूला नोकरी करतो. सुट्टीत डोंबिवलीला येताना तो इतकी वर्षं म्हैसूरपाक आणायचा आणि आमचं बरं चाललं होतं. गेल्या श्रावणात त्याने कॉफी आणली. चिकमगळूरची. पाव किलोचं काळं पाकीट आणि त्यावर मळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, झाडाची जात कोणती, बी कशी वाळवली, कोणत्या तारखेला भाजली, हे सगळं छापलेलं. माझ्या पत्रिकेत इतका तपशील नव्हता, तरी तिच्यावर लग्न जमलं. पाकीट फोडलं, वास घेतला, धन्य झालो आणि चमचा आत घातला तर खडखड वाजलं. आत अख्ख्या बिया.

"मामा, कॉफी प्यायच्या वेळी दळायची असते. दळून ठेवली की वास उडून जातो."

"मग दळायची कशात?"

"म्हणजे? तुमच्याकडे ग्राइंडर नाही?" पूर्वी लोक 'तुमच्याकडे अजून गॅस नाही?' असं ज्या सुरात विचारायचे, अगदी त्याच सुरात त्याने हे विचारलं. आणि दुसऱ्या दिवशी तो परत गेला.

आमच्या घरात चहा रोजचा; कॉफीला निमित्त लागतं. एकादशी असावी, घरात कुणाचं दहावीचं वर्ष असावं, नाहीतर ज्यांच्याशी अजून नीट ओळख झालेली नाही असे पाहुणे यावेत. मग दूध उकळायचं, त्यात साखर आणि पूड घालायची, वर जायफळ किसायचं. जायफळ असं सढळ की कॉफीने आलेली जाग ते लगोलग परत घेऊन जायचं, आणि दहावीचा मुलगा भूमितीच्या पुस्तकावर डोकं टेकवून झोपायचा. लहानपणी तर आम्हाला कॉफीची वडी माहीत होती. गरम दुधात टाकली, ढवळली, काम झालं. ती कॉफी कुणी दळली, कशात दळली, असला प्रश्न वडी विरघळेपर्यंतच्या वेळातसुद्धा कुणाला पडला नाही.

म्हणजे मुंबईला कॉफी दळणं नवं होतं असं नाही. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी मुलाने १८८८ साली मुंबईत कॉफी भाजून, दळून विकायला सुरुवात केली. त्याच्याच 'पोल्सन'चं लोणी पुढे इतकं गाजलं की सुरुवात कॉफीच्या दळणाने झाली होती हे लोक विसरून गेले. दळणाऱ्याच्या वाट्याला नेहमी हेच येतं. भाकरीचं कौतुक होतं, जात्याचं होत नाही.

तर पहिला प्रयोग मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात. "अहो, कालच त्यात लसणाची चटणी केलीय. मी घासलंय, पण वास घेऊन बघा," बायको म्हणाली. मी वास घेतला. काही आला नाही. बटण फिरवलं, भांडं किंचाळलं, झाकण उघडलं. आत तीन थर. तळाशी पावडर लावायची असावी अशी वस्त्रगाळ पूड, मध्ये रवा आणि सगळ्यात वर सात-आठ बिया अगदी साबूत, जणू तिकीट काढून बाल्कनीत बसून खालचा गोंधळ बघत होत्या. कॉफी केली. बारीक पुडीतून कडवटपणा भसकन उतरला आणि जाड कणांतून काहीच उतरलं नाही, त्यामुळे एकाच घोटात कडू आणि पांचट अशा दोन्ही चवी मिळाल्या. आणि लसूण. गार भांड्यात दबा धरून बसलेली लसूण गरम पाण्याची वाट बघत होती.

मिक्सरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा जन्मच वाटणासाठी झाला. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या मुंबईतल्या सीमेन्सच्या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे हात टेकून बसला, म्हणून त्यांनी दणकट मोटरचा 'सुमीत' घडवला. तेव्हापासून हे यंत्र ओलं खोबरं, भिजलेली डाळ, सुक्या मिरच्या यांच्याशी दोन हात करतंय. त्याची पाती भिरभिरतात आणि समोर येईल त्याला फटकावतात. ज्याला चार फटके बसले तो पीठ झाला, जो कडेला उभा राहिला तो वाचला. डोंबिवली स्टेशनवर सकाळी फास्ट लोकल लागते तेव्हा साधारण हेच होतं.

भाच्याला व्हिडिओ कॉल केला. "मामा, पात्याचा ग्राइंडर चालत नाही. बर्र ग्राइंडर हवा."

"बर्र म्हणजे?"

"दोन चकत्या असतात, दातेरी. एक स्थिर, दुसरी फिरते. वरून बी पडते, दोन्हींच्या फटीतून चिरडत बाहेर येते. फट कमी केली की बारीक, वाढवली की जाड."

मी थोडा वेळ थांबलो. "म्हणजे जातं."

पलीकडे शांतता. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो म्हणाला, "हो, म्हणजे तसं म्हटलं तर..."

तसं काय, तसंच. माझ्या आजीचं जातं होतं. वरच्या तळीच्या मध्यभागी मांकडी, खालच्या तळीत खुंटा. गव्हाचं पीठ काढायचं तर वरची तळी पार टेकलेली. डाळ भरडायची असली की खुंट्यावर चिंधीची वळकटी घालून तळी किंचित उचलायची. यालाच आता 'ॲडजस्टमेंट' म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक टिचकीला इतके मायक्रॉन असा हिशेब असतो. भाच्याने मला 'फाइन', 'मीडियम', 'कोर्स' असे तीन शब्द शिकवले. तीनच? आमच्या आजीकडे भरड, जाडसर, रवाळ, बारीक, मऊसूत आणि वस्त्रगाळ होते, शिवाय 'हाताला लागेल पण दाताला लागणार नाही' अशी एक पायरी होती. पुढे भाच्याने चपट्या आणि शंकूच्या बर्रमधला फरक सांगायला घेतला तेव्हा मी त्याला थांबवलं. चपटा म्हणजे जातं. शंकूचा म्हणजे एका दातेरी वाटीत दुसरा दातेरी भोवरा. कळलं.

इथे एक अवांतर गोष्ट सांगतो, कारण ती शोधताना माझी एक अख्खी रात्र गेली. फ्रान्सची प्यूजो कंपनी मोटारी बनवायच्या कितीतरी आधी, १८४० पासून कॉफी दळायची यंत्रं बनवत होती. दांडा फिरवायचा, खालच्या खणात पूड पडायची. आणि ही प्यूजो १९९०च्या दशकात कुठे आली, तर आमच्या दारात! कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात. तिथे तिने प्रीमियरबरोबर '३०९' नावाची मोटार काढली आणि थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला. 'प्रीमियर कॉलनी' हे स्टॉपचं नाव राहिलं, आजूबाजूला टॉवर उभे राहिले. ज्या कंपनीला दीडशे वर्षं कॉफी दळायची विद्या अवगत होती ती डोंबिवलीच्या वेशीवर येऊन मोटारी विकत बसली! मोटार घेऊन डोंबिवलीकर जाणार कुठे? त्याला ऑफिसला जायचं तर लोकलच लागते. शीळ फाट्याला तासभर अडकून पडलेल्या माणसाला मोटारीपेक्षा दांडा फिरवायचं यंत्र केव्हाही जास्त उपयोगी.

असो. आता बाजारात काय मिळतं ते बघायला बसलो. हाताने फिरवायची यंत्रं हजार-बाराशेपासून सुरू होतात आणि वीस हजारांच्या पुढे जातात. इतक्या फरकाचं कारण मला दोन दिवस कळेना. सगळं कणा डुगडुगतो की नाही यावर अवलंबून आहे. स्वस्तातल्या यंत्रात दांड्याचा कणा नीट धरलेला नसतो. फिरवताना तो झोकांड्या खातो, फट कधी मोठी कधी लहान, की पुन्हा पूड आणि रवा एकत्र. महागात दोन बेअरिंगांनी कणा धरलेला असतो, चकत्या पोलादी असतात. विजेची यंत्रं मात्र मी पाहिली आणि सोडून दिली. किंमत हे एक कारण, आवाज हे खरं. आमची इमारत चार मजल्यांची, जुनी, भिंती समजूतदार. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून इकडची बाई आपला गॅस बंद करते. तिथे पहाटे पावणेसहाला विजेवर बिया दळायच्या म्हणजे पुढच्या वार्षिक सभेला आयता विषय.

हाताचं यंत्र घ्यावं तर ते फिरवायला वेळ कुठे? मला आठच्या आतली फास्ट लागते. क्षणभर वाटलं, गाडीतच फिरवू. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, सव्वा तास जातो, तेवढ्यात अख्ख्या डब्याची कॉफी होईल. पण दांडा फिरवायला कोपर गोल फिरावं लागतं, आणि डोंबिवलीला चढलेल्या माणसाचं कोपर दादरपर्यंत त्याच्या स्वतःच्या मालकीचं नसतं.

समोरच्या ब्लॉकमध्ये पालघाटच्या मामी राहतात. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढलेल्या. त्यांच्या घरची फिल्टर कॉफी जिन्यातून येते आणि आपण आपल्या घरी चहा पीत बसल्याची लाज वाटते. मी त्यांच्याकडे सल्ल्याला गेलो. स्वयंपाकघरात त्यांचा कोइमतूरचा दगडी वेट ग्राइंडर, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो इडलीचं पीठ रगडत गोल फिरत होता. अशा घरात कॉफीचं यंत्र असणारच.

"छे," मामी म्हणाल्या. "माहेरी होतं. विलायती. लोखंडी, काळं, टेबलाला स्क्रूने आवळलेलं. रोज पहाटे ते फिरवायचं काम माझं. अकरा माणसांची कॉफी! म्हणून तर मी लग्न करून मुंबईला आले."

"मग आता?"

"आता काय? माटुंग्याला दुकानदार आपल्यासमोर दळून देतो. पंधरा दिवसांची आणायची, घट्ट डब्यात ठेवायची. यंत्र त्याचं, वीज त्याची, हात त्याचा."

बरोबरच होतं. माटुंग्याच्या त्या कॉफीच्या दुकानांपाशी नुसतं उभं राहिलं तरी अर्धा कप प्यायल्यासारखं वाटतं. फक्त फास्ट माटुंग्याला थांबत नाही आणि तिथे पुढचा प्रश्न तयार असतो: चिकोरी किती? ऐंशी-वीस, सत्तर-तीस की साठ-चाळीस? चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं; कॉफीला रंग आणि दाटपणा देतं, पैसे वाचवतं. कायद्याने या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी. इमारतीच्या पुनर्विकासालाही सभासदांची तेवढीच संमती लागते. म्हणजे शंभरात एकोणपन्नास जण चिकोरी असले तरी टॉवर उभा राहतो. पण माझ्या बिया शुद्ध, पाकिटात शंभर टक्के बहुमत. त्या माटुंग्याला नेऊन दुसऱ्याच्या दुकानात दळून मागणं म्हणजे डबा घेऊन हॉटेलात बसण्यासारखं.

तेव्हा बायको म्हणाली, "गिरणीत का नाही टाकत?"

गणपती आठवड्यावर आले होते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत डब्यांची रांग रस्त्यापर्यंत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: 'गहू ५ किलो, बारीक', 'ज्वारी', 'मोदकाची पिठी – एकदम बारीक' आणि त्याखाली दोन रेघा. भुवया, पापण्या, बनियन सगळं पांढरं झालेले गिरणीवाले काका. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी दोन बिया उचलून दाताखाली फोडल्या.

"भाजलेलं आहे."

"कॉफी आहे."

"असू दे. कशावर दळू?"

इतक्या दिवसांच्या संशोधनात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गव्हावर गहू चालतो, ज्वारीवर बाजरी खपवून घेतात, चण्यावर तांदूळ टाकला तर भांडण होतं, हे मला माहीत होतं. दगडात आधीच्याचं थोडं राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. पण कॉफी कशावर?

"भाजलेलं आहे तर भाजणीवर टाकतो," काका म्हणाले. "दुपारी चकलीच्या दोन भाजण्या आहेत."

"त्यात धने-जिरे असतात हो."

"मग डाळीवर?"

"आम्ही उपासाला पितो कॉफी," मी बोलून गेलो आणि तिथेच चुकलो. रांगेतल्या बायकांनी विषय हातात घेतला. उपासाची असेल तर उपासाच्या दळणाबरोबरच हवी, असं एकीचं म्हणणं. एकादशीच्या आधी काका दगड साफ करून राजगिरा, वरी दळतात तेव्हा. "आणि आमचा राजगिरा काळा होईल त्याचं काय?" दुसरी. तिसरीने विचारलं की कॉफी उपासाला चालते असं सांगितलं कुणी. तिच्या सासरी चालत नाही. मला ओळखणारं कुणी तिथे नसावं अशी मी प्रार्थना करत होतो.

काकांनी मोटर बंद केली. "तुमच्यामागे नंबर कुणाचा आहे बघा. मोदकाची पिठी. तुमच्या कॉफीवर ती पिठी पडली, मोदक झाले, नैवेद्य दाखवला, की बाप्पा दहा दिवस टक्क जागा. विसर्जनाला उचलायचं कुणी?" मग पाकीट तळहातावर तोललं. "आणि पाव किलो दळण कुणी आणतं का, साहेब? पाव किलो तर माझ्या दगडातच राहतं."

भाच्याने यालाच 'रिटेन्शन' म्हटलं होतं, आणि ज्या यंत्रात अर्ध्या ग्रॅमहून कमी राहतं त्याचे काही हजार जास्त लागतात असंही सांगितलं होतं. इथे काकांनी मला तेच फुकट सांगितलं, वर आणखी तीन गोष्टी. घाईने दळलं की पीठ तापतं, तापलेल्याचा वास जातो. म्हणून पिठाच्या डब्याला घरी जाईपर्यंत झाकण लावायचं नाही, पण तुमची वस्तू वासाची, तेव्हा हळू दळा. फार कोरडं असेल तर भांड्याला चिकटतं, पाण्याचा किंचित हात लावा. आणि दगडाची धार गेली की माल कापला जात नाही, नुसता चेचला जातो. टाकी लावावी लागते. पुढे भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओत एक दाढीवाला गोरा माणूस बियांवर पाण्याचा एक फवारा मारून 'स्थिर वीज' घालवत होता. मी बायकोला बोलावून दाखवलं. "हो, तूर भरडताना आई लावायची," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

शेवटी मधल्या किमतीचं, पोलादी चकत्यांचं, दोन बेअरिंगचं हातयंत्र घेतलं. आकडा सांगत नाही. घरी सांगितलेला आणि भरलेला यांत फरक आहे. गुडघ्यांत धरून फिरवायचं. अठरा ग्रॅमला दीड-दोन मिनिटं लागतात.

पहिल्या रात्री मी अगदी बारीक दळली, मामींकडून मागून आणलेल्या पितळी फिल्टरमध्ये भरली, वरून उकळतं पाणी ओतलं आणि झोपलो. सकाळी पाणी वरच्या भांड्यात जसंच्या तसं. खाली सलाइनसारखं थेंब-थेंब. बारीक पुडीने भोकांवर लिंपण केलं होतं. दुसऱ्या दिवशी सहा टिचक्या जाड. पाणी दोन मिनिटांत खाली आलं, रंग पावसाळ्यातल्या ओढ्याचा. तिसऱ्या दिवशी चार टिचक्या मागे. रोज कप मामींकडे जायचा, रोज त्या चमच्याने चव घेऊन मान हलवायच्या. त्यांच्या मानेचे अर्थ लावणं हे आणखी वेगळं शास्त्र. बायकोने कॅलेंडरवर, सिलेंडर लावल्याच्या तारखेशेजारी, टिचक्यांचा आकडा लिहायला सुरुवात केली. ऋषिपंचमीच्या चौकटीत '२२ – पांचट' असं आहे, आणि गौरी विसर्जनाच्या चौकटीत '१४ – कडू, तुमच्यासारखी'.

बाराव्या दिवशी आकडा होता सतरा. मामींनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग कप खाली न ठेवता पूर्ण संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर."

मी घरी येऊन पाकीट उघडलं. मिक्सरची तीस ग्रॅम, गिरणीवाल्या काकांच्या दोन बिया, आणि बारा दिवस रोज अठरा ग्रॅम. तळाशी जेमतेम चार ग्रॅम बिया उरल्या होत्या.

बायकोने कॅलेंडरवर सतराला गोल केला. यंत्र धुवायचं नसतं असं पुस्तिकेत होतं, म्हणून पुसून ठेवलं. त्यात वेलची दळून बघू का, असं तिने दोनदा विचारलं आणि मी दोनदा कॉफीवर वेलची चालेल की नाही याचा विचार करत बसलो.

दिवाळीत भाचा आला. नरकचतुर्दशीला पहाटे फडके रोडची गर्दी, ढोल, गणपती मंदिरापाशी भेटलेले शाळेतले मित्र, सगळं आटपून घरी येऊन बसलो. त्याने बॅगेतून काळं पाकीट काढलं. तोच मळा, तीच उंची.

"आईने सांगितलं सगळं, मामा. किती त्रास झाला तुम्हाला! म्हणून या वेळी मी दुकानातूनच दळून आणली."

मी पाकीट कानाशी नेऊन हलवलं. वाजलं नाही.

"कशावर?" मी विचारलं.